नास्तिकाचा शब्द

४ ऑगस्ट १८५७ रोजी लंडनच्या मार्लबरो स्ट्रीट पोलीस कोर्टात बॅरन द ग्लाइशेन नावाचा एक परदेशी गृहस्थ चोरीची फिर्याद घेऊन उभा राहिला. फिर्याद सांगायची तर आधी शपथ घ्यायला हवी, आणि शपथ घेणाऱ्याची देवावर व परलोकातल्या शिक्षेवर श्रद्धा हवी, असा तेव्हाचा कायदा. आपली तशी श्रद्धा नाही, असे गृहस्थाने सरळ सांगून टाकले. शपथ नाही म्हणून साक्ष नाही आणि साक्ष नाही म्हणून पुरावा नाही. चोराविरुद्ध दाद मागण्याचा त्याचा हक्क तिथेच संपला.

त्याच उन्हाळ्यात ओल्ड बेली कोर्टात दोघांना याच कारणावरून ज्युरीतून उठवण्यात आले. त्यांतला एक जॉर्ज जेकब होल्योक. त्याची गाठ पुढे पुन्हा पडेल. कॉर्नवॉल परगण्यातल्या टॉमस पूलीने एका फाटकावर ख्रिस्ती धर्माविषयी चार वेडेवाकडे शब्द लिहिले होते. त्याला एकवीस महिन्यांची कैद झाली. हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला होता त्याच महिन्यांतल्या या गोष्टी.

जॉन स्टुअर्ट मिलने दोन वर्षांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात या तिन्ही प्रकरणांची नोंद घेतली आणि कायद्याच्या वर्मावर बोट ठेवले. देव न मानणारा माणूस खोटे बोलतो, म्हणून त्याची साक्ष नको, असे कायदा म्हणतो. पण देव न मानणारा लबाड माणूस खुशाल शपथ घेऊन मोकळा होईल. अडकेल तो फक्त आपले मत उघड सांगून लोकांची नाराजी ओढवून घेणारा. म्हणजे खोटेपणाला आळा घालायचा म्हणून केलेला कायदा नेमक्या खऱ्या माणसालाच दाराबाहेर ठेवतो.

या युक्तिवादाला उत्तर कोणी दिले नाही, पण कायदाही जागचा हलला नाही. तो हलवायला एक धिप्पाड, हट्टी आणि कायद्यात मुरलेला माणूस पुढे यावा लागला. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. नीतीला देवाचा टेकू लागतो का, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न त्याच्यामुळे सहा वर्षे ब्रिटिश पार्लमेंटच्या टेबलावर पडून राहिला.

मुळात या कायद्यामागची भीती समजून घेतली पाहिजे. ती निव्वळ धर्मवेडाची नव्हती. माणसाच्या मनात काय आहे हे दुसऱ्याला दिसत नाही. साक्षीदार खरे बोलतो आहे, ऋणको पैसे फेडणार आहे, सरदार फितूर होणार नाही, याची हमी कोणी द्यायची? तर ज्याला सगळे दिसते त्याने. आपल्याकडेही बेलभंडारा उचलून इमान दिले जाई, गंगाजळ हातात घेऊन साक्ष होई, आणि वाद अगदीच मिटेना तर रवादिव्य करीत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि मग त्या हाताला काय झाले ते पंचांनी पाहायचे. न्यायाचा शेवटचा दाखला तिथेही वरूनच यायचा.

इंग्लंडात हा विचार जॉन लॉकने सूत्रबद्ध केला. १६८९ साली धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडणारे त्याचे जे प्रसिद्ध पत्र छापले गेले, त्यातच त्याने नास्तिकांना मात्र सहिष्णुतेबाहेर ठेवले. वचन, करार आणि शपथ हे मानवी समाजाचे बंध. देव नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा धाक चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. लॉकसारखा उदार माणूस इथे येऊन थांबतो, यावरून ही समजूत किती खोल गेली होती याची कल्पना येते.

पुढे या समजुतीची एक मजेदार परीक्षा कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्यामुळे झाली. अमीचंदाचा (इंग्रजी दप्तरात ओमीचंद) एका इंग्रजाविरुद्धचा पैशांचा दावा लंडनच्या चॅन्सरी कोर्टात पोचला. त्याचे साक्षीदार हिंदू होते आणि त्यांनी कलकत्त्यात ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. ख्रिस्ती नसलेल्याची, तीही बायबलाविना घेतलेली शपथ ग्राह्य धरायची का? १७४४ साली लॉर्ड चॅन्सलर हार्डविक आणि त्याच्या सोबतच्या न्यायाधीशांनी ती ग्राह्य धरली. साक्षीदाराचा धर्म कोणता हे महत्त्वाचे नाही. एक ईश्वर आहे आणि खोट्याला तो शासन करतो एवढे त्याने मानले की पुरे. अमीचंदाचे काम झाले आणि हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांना ब्रिटिश न्यायालयाचे दार उघडले. मात्र कोणताच देव न मानणाऱ्यासाठी ते याच निकालाने पक्के बंद झाले.

चार्ल्स ब्रॅडलॉचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी पूर्व लंडनमधल्या हॉक्स्टन भागात झाला. बाप एका वकिलाकडे कारकून. मुलगा हुशार आणि भाविक होता. चर्चच्या रविवारच्या शाळेत तो लहान मुलांना शिकवीत असे. बिशप येणार म्हणून पॅकर नावाच्या पाद्र्याने त्याला चांगली तयारी करायला सांगितले. मुलाने ती जरा जास्तच चांगली केली. चर्चची एकोणचाळीस धर्मसूत्रे आणि चार शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली, तर त्यांचा मेळ बसेना. शंका निरसन करावे म्हणून त्याने पॅकरला पत्र लिहिले. पॅकरने त्याच्या बापाला कळवले की पोरगा नास्तिक झाला आहे. तीन दिवसांत मत बदल, नाहीतर नोकरी जाईल, असे त्याला बजावण्यात आले. मुलाने घर सोडले. तेव्हा त्याने अजून विशीही गाठली नव्हती.

पोटासाठी त्याने कोळसा विकायला सुरुवात केली. एका पाववाल्याची बायको त्याचे मोठे गिऱ्हाईक होती. त्याच्या मतांची कुणकुण लागताच तिने कोळसा घेणे बंद केले. नास्तिकाच्या कोळशावर भाजलेल्या पावाला गंधकाचा, म्हणजे नरकाचा, वास येईल अशी तिला भीती वाटली. ही हकीकत ब्रॅडलॉनेच पुढे सांगितली आहे. तिच्यात हसण्यासारखे आहेच, पण लॉकच्या पत्रातली भीती आणि या बाईची भीती यांची जात एकच.

मग काही वर्षे पलटणीत, ती सोडल्यावर वकिलाच्या कचेरीत कारकुनी, आणि संध्याकाळी व्याख्याने. कचेरीतल्या कामाने त्याला कायद्याचे बारकावे कळले, व्याख्यानांनी आवाज कमावला. १८६० मध्ये ‘नॅशनल रिफॉर्मर’ हे पत्र निघाले, १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी. याच दशकात पैशाच्या एका दाव्यात खुद्द त्याचीच साक्ष नाकारली गेली. तो गप्प बसणारा नव्हता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी लावून धरल्यामुळे १८६९ आणि १८७० मध्ये पुराव्याचा कायदा बदलला, आणि शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करून कोर्टात साक्ष देता येऊ लागली. मिल या माणसाकडे लक्ष ठेवून होता. १८६८ च्या निवडणुकीत त्याने ब्रॅडलॉच्या खर्चाला वर्गणी दिली. ती नास्तिकाला दिलेली वर्गणी त्याच्या विरोधकांनी भांडवल म्हणून वापरली आणि त्या निवडणुकीत मिलची स्वतःची जागाही गेली.

१८७७ मध्ये संततिनियमनाची माहिती देणारी एक पुस्तिका पुन्हा छापल्याबद्दल ब्रॅडलॉ आणि त्याच्या सहकारी अॅनी बेझंट यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. शिक्षा पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली, पण बेझंटबाईंना त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. अशा मतांच्या आईपाशी मुलगी वाढता कामा नये, असे ठरवून कोर्टाने १८७८ मध्ये त्यांची लहान मुलगी त्यांच्याकडून काढून घेतली. देव मानत नाही म्हणजे नीती मानत नाही, हे समीकरण आईच्या कुशीपर्यंत येऊन पोचले होते.

नॉर्दॅम्प्टन हे जोडे शिवणाऱ्या कारागिरांचे गाव. हे लोक वाचणारे, वाद घालणारे आणि जहाल. तीनदा पडल्यावर एप्रिल १८८० मध्ये ब्रॅडलॉ तिथून पार्लमेंटवर निवडून आला. ३ मे रोजी त्याने सभागृहात पत्र दिले की कोर्टात चालते त्याप्रमाणे इथेही मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी. प्रश्न समितीकडे गेला. समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने त्याची मागणी फेटाळली गेली.

इथे त्याने जी चाल खेळली तिच्यावर पुढे फार वाद झाला. प्रतिज्ञा करू देत नसाल तर शपथ घेतो, असे तो म्हणाला. पण आधी वर्तमानपत्रात जाहीर केले की शपथेतले देवाविषयीचे शब्द मला निरर्थक आहेत. मी बांधला जाईन तो त्यातल्या वचनाने. होल्योकसारख्या जुन्या नास्तिकाला हे पटले नाही. ज्या शब्दांना अर्थ नाही असे वाटते ते तोंडाने उच्चारायचे कशाला, असा त्याचा आक्षेप. तो रास्तच होता. पण ब्रॅडलॉचे उत्तरही हलके नव्हते. नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी मला पाठवले आहे. त्यांच्या कामाच्या आड येणारा विधी मी पार पाडीन, आणि तो करताना कोणालाही फसवणार नाही.

२१ मे रोजी तो शपथेसाठी टेबलाकडे निघाला, तोच सर हेन्री ड्रमंड वुल्फ हरकत घ्यायला उठला. आता उलटेच संकट उभे राहिले. आधी प्रतिज्ञा करायला बंदी होती, आता शपथेलाही बंदी. ज्याने आपली अश्रद्धा जाहीर केली त्याने शपथ घेणे म्हणजे शपथेची विटंबना, असा मुद्दा. विन्स्टन चर्चिलचा बाप रँडॉल्फ चर्चिल तेव्हा तरुण आणि चढेल होता. राजघराण्यावर झोड उठवणारी ब्रॅडलॉची पुस्तिका त्याने भर सभागृहात जमिनीवर आपटली आणि बुटाने तुडवली. देवाच्या नावाने चाललेल्या या भांडणात राजगादीची, पक्षाची आणि पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारला खिंडीत गाठण्याची गणिते किती मिसळली होती, ते या एका कृतीतून दिसते. बाहेर कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल मॅनिंगने निषेधाचा लेख लिहिला. ज्या कॅथलिकांना १८२९ पर्यंत आणि ज्यूंना १८५८ पर्यंत याच शपथेच्या शब्दांनी सभागृहाबाहेर ठेवले होते, त्यांतल्या पहिल्यांचे प्रतिनिधी, म्हणजे बहुतेक आयरिश सभासद, आता दार लावून घ्यायला पुढे होते. ब्रॅडलॉ आयर्लंडचा कैवारी असूनही!

२२ जूनला सभागृहाने २७५ विरुद्ध २३० मतांनी ठरवले की या माणसाने शपथही घ्यायची नाही आणि प्रतिज्ञाही करायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सभागृहाच्या सीमेवर उभे राहून बाजू मांडू दिली. भाषण झाल्यावर बाहेर जा म्हटले, तर तो जाईना. त्याला पकडून घड्याळाच्या मनोऱ्यात, ज्याला आपण बिग बेन म्हणतो तिथे, कोंडले. त्या मनोऱ्यात कैद झालेला तो शेवटचा माणूस. पण त्याला ठेवून करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सोडून दिले.

जुलैत ग्लॅडस्टनने मधला मार्ग काढला. ज्याला प्रतिज्ञा करायची त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर करावी, कायद्यात बसत नसेल तर कोर्ट पाहून घेईल. ब्रॅडलॉ बाकावर जाऊन बसला. लगेच एका इसमाने दावा ठोकला की शपथेविना दिलेल्या मताला ५०० पौंड दंड आहे, तो याच्याकडून वसूल करावा. त्या इसमामागे पैसा उभा करणारा न्यूडिगेट हा स्वतः सभासद होता. मार्च १८८१ मध्ये निकाल विरुद्ध गेला, जागा रिकामी झाली. नॉर्दॅम्प्टनने १३२ मतांच्या आघाडीने त्याला परत पाठवले.

३ ऑगस्ट १८८१ चा प्रसंग इंग्लंड बराच काळ विसरले नाही. बाहेरच्या चौकात अर्ज घेऊन आलेल्या लोकांची गर्दी. हिंसा करायची नाही, अशी ब्रॅडलॉने त्यांना ताकीद दिलेली. तो एकटा आत शिरू लागला तशी शिपाई आणि पोलीस त्याच्यावर तुटून पडले. सहा फुटांहून उंच, अंगाने भारी माणूस. त्याला जिन्यावरून खाली ओढत नेताना दहाबारा जणांची दमछाक झाली. कोट फाटला, दोन्ही दंडांचे स्नायू दुखावले, चेहरा पांढराफटक पडला. त्याने एक हाक दिली असती तर बाहेरचा जमाव आत घुसला असता. ती हाक त्याने दिली नाही. नास्तिकाला कशाचा धरबंध नसतो म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी खिडकीतून डोकावून पाहायला हरकत नव्हती.

२१ फेब्रुवारी १८८२ रोजी तो अचानक टेबलापाशी गेला, खिशातून बायबल काढले आणि स्वतःच स्वतःला शपथ दिली. सभागृह अवाक झाले, मग संतापले, आणि दुसऱ्या दिवशी त्याची हकालपट्टी झाली. नॉर्दॅम्प्टनने पुन्हा निवडून दिले, आघाडी १०८. त्याच वर्षी पुण्याचे दोन तरुण संपादक, टिळक आणि आगरकर, कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या शिक्षेपायी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढत होते. त्यांतल्या एकाला पुढे आयुष्यभर ब्रॅडलॉचाच प्रश्न पुरणार होता.

१८८३ मध्ये सरकारनेच प्रतिज्ञेचे विधेयक आणले. २६ एप्रिलचे ग्लॅडस्टनचे भाषण त्याच्या सगळ्या कारकिर्दीतले एक उत्तम भाषण समजले जाते. ग्लॅडस्टन कमालीचा धर्मनिष्ठ होता आणि ब्रॅडलॉची मते त्याला किळसवाणी वाटत. तरीही त्याने विरोधकांना विचारले की तुम्ही रेघ कुठे ओढता आहात? ख्रिस्तावर श्रद्धा हवी असे तुम्ही आता म्हणत नाही. कोणताही एक देव पुरे, मग तो कसाही असो. लुक्रेशियस या रोमन कवीच्या ओळी लॅटिनमध्ये म्हणून दाखवत त्याने सांगितले की माणसांच्या सुखदुःखाशी काडीचाही संबंध नसलेले, दूर कुठेतरी मजेत राहणारे देवही असू शकतात. असला देव मानणारा तुम्हाला चालतो. मग त्या देवाने शपथेत कोणती भर पडली? खरा धोका उघड नास्तिकापेक्षा या नावापुरत्या देवाचा आहे, असे त्याला वाटत होते. अमीचंदाच्या खटल्यापासून जो मुद्दा कोणी उकरला नव्हता, तो एका आस्तिकानेच उकरला.

भाषण सगळ्यांनी वाखाणले आणि विधेयक २९२ विरुद्ध २८९ अशा तीन मतांनी पडले.

१८८४ मध्ये पुन्हा स्वशपथ, पुन्हा निवडणूक, आणि आता आघाडी ३६८. चार वर्षांत मतदारांनी चार वेळा कौल दिला. त्यांतले पुष्कळ जण स्वतः चर्चला जाणारे होते. त्यांना ब्रॅडलॉची तत्त्वे मान्य होती असे नाही. तो सांगतो ते करतो, पैशाच्या मागे लागत नाही आणि गरिबाचे प्रश्न घेऊन भांडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. विश्वास ठेवायला त्यांना तेवढे पुरले. वेस्टमिन्स्टरमधले पंडित ज्या प्रश्नावर अडले होते, तो प्रश्न चांभारगल्लीत केव्हाच सुटलेला होता.

जानेवारी १८८६ मध्ये नवे पार्लमेंट भरले. हरकतीची पत्रे आली होती, पण सभापती आर्थर पील म्हणाला की सभासद आणि त्याची शपथ यांच्या मध्ये येण्याचा मला अधिकार नाही, सभागृहालाही नाही. ब्रॅडलॉने इतरांबरोबर शपथ घेतली, सही केली आणि जाऊन बसला. पाच मिनिटांचे काम, सहा वर्षे लागली. त्याने स्वतः मांडलेला शपथांचा कायदा हुजूर पक्षाच्या अमदानीत मंजूर झाला आणि २४ डिसेंबर १८८८ रोजी अमलात आला. ज्याला शपथ नको त्याने प्रतिज्ञा करावी, कोर्टात काय, पार्लमेंटात काय, सगळीकडे.

तोवर हिंदुस्थानचे प्रश्न सातत्याने मांडल्यामुळे त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणू लागले होते. १८८९ च्या शरद ऋतूत तो मरता मरता वाचला, आणि समुद्रप्रवासाने बरे वाटेल म्हणून मुंबईला आला. तिथे काँग्रेसचे पाचवे अधिवेशन भरत होते. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न, स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता, आणि योगायोगाने १८८९ सालीच १८८९ प्रतिनिधी. टिळक आणि गोखले तिथे होते. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईही होत्या. मंडपात नमाज पढणारे, अग्यारीत जाणारे, सोवळे नेसणारे आणि बायबल वाचणारे होते, आणि या सगळ्यांनी ज्याला डोक्यावर घेतले तो देव न मानणारा होता. आभाराच्या भाषणात त्याने सांगितले की मी लोकांतून आलो, लोकांनी माझ्यावर भरवसा टाकला, मग लोकांसाठी नाही तर कोणासाठी काम करू? वंशाची आणि भूगोलाची कुंपणे मी मानत नाही.

जगण्याला अर्थ कुठून येतो, या प्रश्नाचे त्याच्यापाशी एवढेच उत्तर होते. ते कोणाला तोकडे वाटेल. त्याच्या सगळ्यात जवळच्या सहकाऱ्यालाच ते तोकडे वाटले. त्याच १८८९ मध्ये अॅनी बेझंट थिऑसॉफीकडे वळल्या. देवाविना विश्व त्यांना पुरेना. चार वर्षांनी त्या हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. दोघांनी एकाच खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून पुढे दोन वेगळ्या दिशा धरल्या, पण अन्यायाशी भांडणे दोघांनीही सोडले नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न त्याच वर्षांत ऐरणीवर होता. १८६७ पासून प्रार्थना समाज मूर्तीविना एकेश्वराची उपासना सांगत होता. न्यायमूर्ती रानड्यांना ईश्वरावाचून नीतीचा पाया भक्कम वाटत नव्हता. जोतीराव फुल्यांनी भटभिक्षुकाला मधून काढून टाकले, पण निर्मिक, म्हणजे निर्माता देव, ठेवला. १८८८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आल्यावर डाव्या हाताने लिहिलेले त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले. आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवून सांगितले की आचाराची कसोटी बुद्धी आणि समाजाचे हित हीच. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर दम्याने खंगत होते. पैसा, प्रतिष्ठा आणि जुने मित्र गमावूनही त्यांनी लेखणी ठेवली नाही. ३९ व्या वर्षी, १७ जून १८९५ रोजी ते गेले. नीती देवाच्या धाकाने टिकते म्हणणाऱ्याला त्यांच्या चरित्रात धाकाची जागा शोधून सापडणार नाही.

२७ जानेवारी १८९१ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ब्रॅडलॉला रोखणारा १८८० चा ठराव आपल्या दप्तरातून पुसून टाकला. तो तेव्हा बेशुद्धीच्या उंबरठ्यावर होता; त्याला ते कळले नाही. ३० जानेवारीला त्याने प्राण सोडला. शेवटच्या घटकेला नास्तिक देवाचे नाव घेतो, ही लोकांची आवडती कथा. ती उठणार हे ओळखून मुलगी हिपेशियाने परिचारिकांकडून लेखी घेऊन ठेवले की आजारात तो धर्माविषयी काही बोलला नाही. मागे उरलेले कर्ज फेडायला त्याचा ग्रंथसंग्रह विकावा लागला.

ब्रुकवुडच्या दफनभूमीत मंत्रांविना आणि भाषणांविना त्याला पुरले. लंडनमध्ये राहणारे हिंदी लोक झाडून सगळे गेले होते, असे त्यांतल्याच एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. त्याचे नाव मोहनदास गांधी. परतताना स्टेशनवर एका कडव्या नास्तिकाने ब्रॅडलॉला मान द्यायला आलेल्या एका पाद्र्याला गाठले आणि तुमच्या देवाचा आकार केवढा, तो राहतो कुठे, अशी उलटतपासणी सुरू केली. पाद्री नम्रपणे म्हणाला, तो तुमच्या माझ्या दोघांच्या हृदयात राहतो. गांधींना ती टवाळी खुपली आणि नास्तिकतेविषयीची अढी वाढली. उद्धटपणा हा कोणत्याही मताचा मक्ता नाही, एवढे त्या नास्तिकाने सिद्ध केले.

ब्रॅडलॉ मात्र गांधींच्या मनातून गेला नाही. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कोणीतरी विचारले, तेव्हा ‘ईश्वर हे सत्य’ यापेक्षा ‘सत्य हाच ईश्वर’ असे आपण का म्हणू लागलो हे गांधींनी समजावले, आणि उदाहरण दिले ते ब्रॅडलॉचे. तो स्वतःला नास्तिक म्हणवी, पण मी त्याला ईश्वरभीरू म्हणेन, असे त्यांचे म्हणणे. तो चिडलाच तर सत्याला भिणारा म्हणेन, आणि सत्य हाच ईश्वर असल्याने त्याची तक्रार मिटेल. यात प्रेम आहे, औदार्य आहे, आणि थोडी दांडगाईही. सज्जन नास्तिक दिसला की त्याला आस्तिकांच्या पंगतीत ओढून बसवायचे, ही आपली जुनी सवय. आगरकरांनाही आपण देव न मानणारा देवमाणूस म्हणून हेच केले. त्याला आहे तसा राहू दिला तर आपले समीकरण बिघडते, म्हणून ही धडपड.

लाहोरला ब्रॅडलॉच्या नावाने बांधलेल्या सभागृहात लाला लजपतराय यांचे नॅशनल कॉलेज भरत असे, आणि तिथे भगतसिंग शिकला. १९३० मध्ये तुरुंगात फाशीच्या शिक्षेची वाट पाहत असताना त्याने ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला. पुनर्जन्म नाही, स्वर्ग नाही, दोर आवळला की सगळे संपले, हे मान्य करून तो त्या दोराकडे चालत गेला.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी आपल्या संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. विरोध करणाऱ्यांत पुष्कळ भाविक होते. पदाच्या शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या: ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. ज्याला देवाच्या साक्षीने बळ येते त्याच्याकडून ती साक्ष हिरावून घेतली नाही, आणि ज्याला ती नको त्याला अविश्वासू ठरवले नाही. नीतीचा उगम कुठे आहे, यावर घटनेने निकाल दिलेला नाही. वचनाची हमी मात्र तिने आभाळातून काढून इथे, मतदाराच्या, न्यायालयाच्या आणि वर्तमानपत्राच्या हाती दिली. गेल्या पाऊणशे वर्षांत खुर्चीवर बसलेल्या कोणी कोणता पर्याय निवडला होता हे आपल्याला आठवत नाही. कोणी शब्द पाळला आणि कोणी खाल्ला, हे बरोबर आठवते, आणि त्यासाठी नॉर्दॅम्प्टनच्या चांभारांना लागले त्याहून अधिक पुरावा आपल्यालाही लागत नाही.